याच्यावर गूळ खाल्लेला नाही

सुधाकरभाऊ, पहिले नाव मंदावहिनींचं घेतो. तुमचं मागून. तुम्हाला त्याचं वाईट वाटणार नाही. तुम्ही तर जन्मभर, कोणी काही विचारायला आलं की "मंदाले विचारा" म्हणून पेपरामागे लपणारे. आज बाभुळगावजवळच्या आमच्या तांड्यावर माझी बायको सविता ज्या कॉम्प्युटरवर टायपिंग करते, तो तुम्ही आणि मी मिळून निवडला. एकेक पार्ट, फोनवर. तुम्ही यवतमाळात आणि मी इथं राजस्थानात. पण तो घरी आला, आणि बरोबर आला, तो वहिनींमुळे. तुम्ही गेल्यानंतर.

तेच तुम्हाला सांगायचं राहिलं आहे. संध्याकाळी मशीन बंद केली की हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो, आणि मग आठवतं. म्हणून लिहितो. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे. तुम्ही कचेरीत लोकांचे अर्ज दुरुस्त करून द्यायचे, तसं हेही मनातल्या मनात करून घ्या.

आपली ओळख कशी झाली हे सांगितलं तर इथं कोणाला खरं वाटत नाही. तुमच्या गल्लीत पाण्याच्या पाइपसाठी मी नाली खोदत होतो आणि जेसीबीच्या दातात तुमच्या घरची टेलिफोनची वायर आली. तुम्ही बनियनवर बाहेर आले. मी मशीनवरून उतरायच्या आधीच हात जोडले होते. तुम्ही नालीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वीतभरच खाली टाकली का राजेहो वायर! मंग खोदणाऱ्याची काय चूक? उतर. हे टोक धर." मी टोक धरून उभा, तुम्ही दातांनी वायर सोलून जोडून राहिले, आणि वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा तुम्ही मला कॉम्प्युटरच्या पोटात काय काय असते ते सांगत होते. वहिनी म्हणाल्या, "सापडला वाटते एक ऐकणारा. बरं झालं, माझी सुटका."

त्यांची सुटका झाली नाही, हे आता कळतं. पण ते पुढे.

सविता बारावी शिकलेली आहे, टायपिंगची परीक्षा पास आहे. ती यवतमाळला एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि शिकवणीवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाईप करायला बसनं जायची. घरी माझी आई एकटी, गुडघ्यांनी अडलेली. छापखान्याच्या मालकानं सांगितलं की घरी कॉम्प्युटर असेल तर काम घरी घेऊन जा. तेव्हा मी इथं सोलारच्या साईटवर जमीन सपाट करायला आलो होतो. गावाकडे मशीन चालवली तर पगार फार कमी, पण सविताच्या कामाची जोड असेल तर घर चालून जाते. म्हणजे कॉम्प्युटर नीट निघाला तर मी घरी. भलताच निघाला, तर साठवलेलं सगळं गेलं आणि मी अजून काही वर्षं या रेतीत. एवढं त्या डब्यावर होतं.

म्हणून मी घाबरत होतो, भाऊ. "डिस्टर्ब तर नाही केलं ना?" असं म्हणून मी फोन सुरू करायचो, आणि कालचाच प्रश्न आज पुन्हा विचारायचो. तुम्ही एकदा म्हणाले, "काहून रे विलास, तुले घाबराचा पगार भेटते का बे?"

मला लॅपटॉप घ्यायचा होता, कारण तो पिशवीत मावतो आणि एकदाच निवडावा लागतो. तुम्ही ऐकलं नाही. "लॅपटॉप म्हंजे कुलूप लावलेली पेटी. बिघडली की दुकानदारच्या तोंडाकडं पाहाचं. असेंबल केलेला कॉम्प्युटर म्हंजे बैलबंडी. चाक मोडलं तर चाक बदल, जू मोडलं तर जू बदल. बंडी तीच." बजेट हा आपल्या दोघांच्या मधात बसलेला तिसरा माणूस होता. प्रत्येक गोष्टीला तो आधी मान हलवायचा, मग आपण बोलायचो.

मदरबोर्ड हा शब्द तुम्ही पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मी विचारलं, "मदर म्हंजे याडीच ना?" आमच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात. तुम्ही इतके हसले की फोनमधून खोकला ऐकू आला. त्यानंतर तुमच्या तोंडी मदरबोर्ड कधी आला नाही. "पहिले याडी ठरव. बाकी सारे लेकरं. याडीच्या पदरात मावते तेच लेकरू घ्याचं." तुम्ही चौकशीला दुकानात गेले तेव्हा तिथंही तोंडातून निघून गेलं, "ही याडी किती वर्षं टिकते?" आणि दुकानदारानं तुम्हाला बसायला खुर्ची देऊन पाणी आणवलं. तब्येत बरी नाही समजला तो. हे सांगताना तुम्हाला बोलता येत नव्हतं हसण्यापायी.

आणि गूळ. आमच्याकडे सोयरीक ठरली की तांड्याच्या नायकासमोर, चार माणसांसमोर गूळ खातात. गूळ खाल्ला की संपलं. मग मुलगी बदलत नाही, मुलगा बदलत नाही. कोणी मागं फिरलं तर तांडा त्याला जाब विचारतो. हे मी तुम्हाला कधीतरी सहज सांगितलं होतं. तुम्ही ते धरून ठेवलं. मी ठरलेला पार्ट पुन्हा पुन्हा बदलायचो. साईटवरची पोरं काहीतरी सांगायची, मोबाईलवर मी काहीतरी पाहायचो, की तुम्हाला फोन. एक दिवस तुम्ही म्हणाले, "थांब. मेसमध्ये गूळ आहे का तुमच्या? एक खडा घे हातात. मंदा, गुळाचा डबा दे वं. हां. आता या प्रोसेसरच्या नावानं आपण दोघं गूळ खाऊ. याच्यानंतर तू बदलला तर मी तुमच्या नायकाले फोन करीन."

मागून वहिनींचा आवाज आला, "लग्न लावून राहिले का डब्याचं? वऱ्हाड किती येणार ते सांगा म्हणजे कणीक भिजवते."

मी खरोखर गूळ खाल्ला, भाऊ. इथल्या पोरांनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं सोयरीक झाली. आणि आश्चर्य म्हणजे त्या रात्री मला झोप लागली. त्यानंतर आपण प्रत्येक पार्टवर तसंच केलं. रॅमवर मी अडलो होतो, कारण तुम्ही म्हणत होते एकच पट्टी घे, दुसरीची जागा खाली ठेव, आणि मला काही खाली ठेवलं की काळजी वाटते. "रिकामं कायले ठेवाचं भाऊ? पाहून जीव खालीवर होते." "अबे, वाढत्या घरात एक खोली बांधाची ठेवतेच ना माणूस." गूळ खाल्ला. कॅबिनेटवर मी रुसलो. मला काचेचं, आतून रंगीत दिवे लागणारं पाहिजे होतं. तुम्ही म्हणाले, "दिवाळी वर्षातून एकदाच येते. तू धुळीची जाळी पाह्य." त्यावर गूळ खाताना मी मुद्दाम बारीक खडा घेतला होता. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

एकाच गोष्टीवर आपलं जमलं नाही. मी म्हणायचो, पैसे येतील तसा एकेक पार्ट घेऊन ठेवू. माझ्या याडीनं तिचे चांदीचे दागिने तसेच केले, एकेक. पैसा हातात राहिला की त्याला पाय फुटतात. तुम्ही चिडायचे. "चांदी खोक्यात ठेवली तर खराब नाही होत. पार्ट खोक्यात झोपला तरी त्याची गॅरंटी जागीच राह्यते, लेका. पुढच्या साली जोडाले काढला अन् निघाला खराब, तर दुकानदार बिलावरची तारीख पाहीन का तुझं तोंड?" शेवटी तुम्ही असं ठरवलं की मी सुट्टीवर येईन तेव्हा सगळं एकदम घ्यायचं आणि आपण दोघांनी मिळून जोडायचं. तुमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. "स्क्रू तू पिळ, वायरी मी लावतो. तुझ्या हाताला जोर आहे, माझ्या डोळ्याला चष्मा आहे." यावरही गूळ खाऊ म्हटलं तर तुम्ही म्हणाले, "ये तर पहिले. मंग खाऊ."

मी आलो नाही. दिवाळीला काम अडलं, संक्रांतीला बदली माणूस मिळाला नाही, होळीला साहेब म्हणाला पुढच्या महिन्यात पाहू. तुम्ही दर वेळी "काही हरकत नाही" म्हणायचे, आणि एका वेळी जरा थांबून म्हणाले.

त्या थांबण्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही; तो मागून वहिनींकडून कळला.

मधल्या काळात तुम्ही स्वस्थ बसले नव्हते. घरात फ्रीजला हात लावला की बोटांना मुंग्या येतात, असं सविता एकदा सहज बोलून गेली. तुम्ही मला फोन केला, "अशा घरात कॉम्प्युटर ठेवाचा म्हंजे पाहुण्याले विंचवाच्या खाटेवर झोपवाचं. पहिले अर्थिंग करू." मी म्हटलं, जमीन खोदणं माझा धंदा आहे, मी आलो की करीन. तुम्ही थांबले नाही. रविवारी बसनं तांड्यावर आले, सोबत लोखंडी पाइप, कोळशाचं पोतं आणि जाडं मीठ. घरामागं खड्डा खणून तुम्ही कोळसा आणि मिठाचे थर देत होते, तेव्हा शेजारची जमनाबाई काठी टेकत आली. कोळसा, मीठ, खड्डा. तिला तर एकच अर्थ माहीत, करणी. सवितानं मला ते सगळं नकलेसकट सांगितलं.

"कोनाच्या नावानं गाडून राह्यला रे बाबू?"

"विजेच्या नावानं, माय."

"विजी? कोनाची विजी? आमच्या तांड्यात विजी नावाची बाईच नाही. मंग कोन्या गावची हाय ते सांग."

तुम्ही तिला समजावायला लागले आणि 'वीज' हा शब्द जितक्या वेळा म्हणाले तितक्या बाया जमल्या. नायकाला बोलावणं गेलं. नायक आला, खड्ड्यात पाहिलं आणि विचारलं, "बाबू, लाईनचं काम आहे का हे?" तेव्हा कुठं तुमच्या लक्षात आलं की इथं लाईन म्हणायचं होतं, वीज नाही. तुम्ही सांगितलं की लाईन अंगावर आली तर तिला जमिनीत पळून जायला वाट पाहिजे, ही ती वाट. नायक म्हणाला, "मंग आमच्या पन घराईत कराना." जमनाबाई म्हणाली, "पहिले माह्या." तुम्हाला संध्याकाळची बस चुकेपर्यंत तिथंच ठेवून घेतलं. याडीनं तुम्हाला भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढला आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं तर म्हणाली, कचेरीतले बाबू लोक असेच. तुम्ही तिला सांगून ठेवलं की तो खड्डा ओला राहिला पाहिजे. ती तेव्हापासून रोज सकाळी तिथं तांब्याभर पाणी टाकते. पाय दुखत असले तरी.

त्या रविवारी मी तिथं असायला पाहिजे होतो. माझ्याच घरामागचा खड्डा, आणि तुम्ही वाकून माती काढता. हे डोळ्यांपुढून जात नाही.

सविताचा फोन आला तेव्हा मशीन सुरू होती, आवाजात कळलं नाही. उतरून पाहिलं तर फोनवर तिचे बरेच मिसकॉल. लावला तर ती रडत होती आणि मला वाटलं याडीला काही झालं. तुमचं नाव ऐकून मी म्हटलं, "नाही, काल बोललो मी त्यांच्याशी." जसं काही काल बोललेला माणूस आज मरू शकत नाही. यवतमाळ इथून दोन दिवसांच्या वाटेवर. मी पोहोचलो असतो तोवर तुमची राख थंड झाली असती. मी मशीनच्या सावलीत बसून राहिलो. साहेबानं काही विचारलं नाही. त्या दिवशी तो चांगला वागला.

तुमची तेरवी झाली आणि थोड्याच दिवसांत छापखान्याच्या मालकानं सविताला सांगितलं की परीक्षांचं काम येऊन राहिलं आहे, घरी कॉम्प्युटर होत नसेल तर तो दुसरीला देईल. सविता घाबरून मला विचारते, मी घाबरून कोणाला विचारू? तुम्ही नव्हते. मी म्हटलं, राहू दे, नशिबात नाही. सवितानं मला न विचारता वहिनींना फोन केला. वहिनी म्हणाल्या, "उद्या बसनं ये. मी दुकानात येते."

तुमच्यानंतर त्या घराबाहेर पडल्या ते पहिल्यांदा त्या दुकानासाठी. गल्लीतली एक बाई म्हणाली म्हणे, इतक्यातच? वहिनींनी चप्पल घातली.

मी फोनवर होतो, सवितानं स्पीकर लावला होता. वहिनी आल्यापासून स्टुलावर गप्प बसलेल्या. याडी ठीक आली, रॅम, डिस्क, डबा, सगळं आपलं ठरलेलं. प्रोसेसरवर दुकानदार म्हणाला, "तो संपला आहे. पण हा पाहा, नंबर तोच, अन् थोडा स्वस्तही पडते." सवितानं मला विचारलं. स्वस्त म्हटल्यावर मला बरंच वाटलं. मी म्हटलं, "नंबर तोच आहे ना, मंग घेऊन टाक."

तेव्हा वहिनी बोलल्या. "याच्यावर गूळ खाल्लेला नाही."

दुकानदार म्हणाला, "काय म्हणता, काकू?"

"नंबराच्या शेवटी बघा. इंग्रजी एफ आहे. आमचा बिगर एफचा ठरला होता. एफवाल्याला पडद्यावर चित्र दाखवता येत नाही, वेगळं कार्ड घालावं लागतं. बरोबर?"

"हो, कार्ड लागते. मी सांगणारच होतो."

"कधी?"

भाऊ, फोनवर मला खोका परत फळीवर ठेवल्याचा आवाज आला. मग दुकानदार म्हणाला, उद्या या, अमरावतीहून मागवून देतो. वहिनी म्हणाल्या, येतो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तो स्वस्तातला घेतला असता तर घरी पडदा काळाच राहिला असता, आणि कार्डाचे पैसे आमच्याकडे नव्हते.

नंतर मी त्यांना विचारलं, वहिनी, तुम्हाला तर या गोष्टींचा कंटाळा होता ना? त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघर अन् त्यांची खुर्ची, मधे एक भिंत. वर्षभर दुसरं काय ऐकलं मी? एफ म्हणजे फसवणूक, असं म्हणायचे ते. विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सगळे पार्ट दुकानाच्या टेबलावर आले तेव्हा मी सविताला म्हटलं, खोके तसेच घरी ने, उघडू नका. मी येईन तेव्हा जोडीन. सुधाकरभाऊंसोबत तसं ठरलं होतं. मला खरंच वाटत होतं की ते कोणी दुसऱ्यानं जोडू नये. वहिनींनी सविताच्या हातातून फोन घेतला. "विलासभाऊ, पार्ट खोक्यात झोपला तरी त्याची काय जागी राहते?"

मी मशीनचं दार उघडलं, पुन्हा लावलं.

"सांगा ना. मला ऐकायचं आहे तुमच्या तोंडून."

"गॅरंटी, वहिनी."

"मग? अन् परीक्षांचं काम काय तुमच्या सुट्टीसाठी थांबणार आहे?"

दुकानातल्या पोरानं जोडला. सवितानं व्हिडिओवर दाखवला, पण मी नीट पाहिलं नाही. ते भांडण तुम्ही गेल्यावरही तुम्हीच जिंकले. माझी हरकत नाही. फक्त स्क्रू पिळायला माझे हात पाहिजे होते आणि वायरी लावायला तुमचे, आणि तुम्ही चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला असता, आणि वहिनी म्हणाल्या असत्या, जेवायचं कुठं आता? एवढंच पाहिजे होतं. फार नव्हतं.

तुम्हाला मी धन्यवाद कधी म्हटलं नाही. आपल्याकडे घरच्या माणसाला म्हणत नाहीत, आणि तुम्हाला म्हणायचं तर तुम्ही घरचे नव्हते आणि परकेही नव्हते, म्हणून जीभ अडायची. त्याऐवजी मी दर वेळी माफीच मागत आलो, त्रास देतो म्हणून. परवा वहिनींना तेच बोललो, की त्यांचा किती वेळ मी खाल्ला. त्या म्हणाल्या, "तुमचा फोन येण्याच्या टायमाला ते खुर्ची खिडकीजवळ ओढून बसायचे, तिथं रेंज येते म्हणून. तुमचा फोन नाही आला त्या दिवशी जेवणात मीठ कमी आहे म्हणायचे. असायचं बरोबर." म्हणजे मी इकडे घाबरत घाबरत नंबर लावत होतो आणि तुम्ही खिडकीत बसलेले होते. भाऊ, हे तुम्ही स्वतः काहून सांगितलं नाही? मी रोज लावला असता.

छापखान्याचं काम सविताला मिळालं. परीक्षांचं झालं, आता लग्नपत्रिका आहेत. कॉम्प्युटर चालतो. मी साहेबाला सांगून टाकलं आहे की जमिनीचा हा पट्टा सपाट करून झाला की मी निघतो, आणि या वेळी बदली माणूस मिळो न मिळो.

वहिनींचं मी फेडीन. कशानं, ते अजून कळत नाही. विचारलं तर काही नको म्हणाल्या, आणि त्या तसंच म्हणणार. पण एकट्या घरात कधी गच्ची गळेल, कधी दवाखान्यात जायला सोबत लागेल, कधी कोणी नुसतं येऊन बसलं तरी पुरेल. तेव्हा त्यांनी बोलवावं आणि मी इथून गाडीचं तिकीट पाहत बसावं, असं नको. बाभुळगावहून बस धरून तासाभरात त्यांच्या दारात उभा राहता आलं पाहिजे. भाऊ, तुमच्यासमोर कबूल करतो, आधी तेवढ्या अंतरावर येतो, आणि मग त्यांचं जे काम पहिलं निघेल, त्याला पहिला हात माझा.